मैदानात आई की मॅडम? स्वतःच्या लेकराले खेळ शिकवणाऱ्यांनी लिहा

सुरुवात मीच करते. आर्णी तालुका, यवतमाळ जिल्हा. लग्नाआधी कबड्डी विभागापर्यंत खेळली, मग सगळंच बंद. गावच्या शाळेत खेळाचे सर नाहीत म्हणून संध्याकाळी नववी-दहावीच्या 11 पोरी मी घेते, त्यातली एक माझीच. मैदान म्हणजे पडीत जागा, गोटे वेचले, 12 बाय 8 मीटर दोरीनं मोजलं न चुलीच्या राखेनं रेघा मारल्या, फक्कीले पैसे कोण देते.

मागच्या वर्षी तालुक्याले माझीनं चढाई केली, कोणाले हातही लागला नव्हता अन हिचा पाय गेला लॉबीत, म्हणजे बाजूच्या पट्टीत, झाली बाद. मी बाहेरून इतकी वरडली की पंचच म्हणे ताई जरा बसा. त्याच मॅचमधे दुसऱ्या पोरीनं तेच केलं, तिले म्हटलं असू दे बाई, पुढच्या चढाईले बघ. रात्री पोरगी भाकर मोडता मोडता म्हणते, मम्मी, मले कधी म्हणशील असू दे बाई? मी काही बोललीच नाही, वांग्याची भाजी वाढली.

---

दर्यापूरकडून. आमचं खो-खो. मी उलटं केलं, नऊ जणींत माझीले घेतलंच नाही, कारण गावात आधीच कुजबुज होती की मॅडमची पोरगी म्हणून आहे. खरं तर खांबावर सूर मारणारी तीच एक होती. हरलो. सासूबाई म्हणाल्या, लोकायच्या तोंडासाठी पोरीले बसवलं काहून वो? पोरीचा चार दिवस अबोला. आजही वाटते तेव्हा मी निःपक्षपाती नव्हती, भ्याली होती.

---

मी माय नाही, पोट्टा आहे, चालते का? 1500 मीटर पळायचो. माय कधी शाळेच्या मैदानात उतरली नव्हती पण पहाटे 5 ले शेतात जायच्या आधी माझ्यासोबत यायची. आमचं मैदान पावलांनी मोजून 200 मीटरचं, म्हणजे साडेसात फेऱ्या. मायले मोजणं लक्षात राहत नव्हतं म्हणून ओच्यात तुरीचे सात दाणे घ्यायची, एक फेरी झाली की एक दाणा खाली टाकायची, अन शेवटच्या अर्ध्या फेरीसाठी तुरीच्याच डाळीची एक पाकळी 😄 डाळ पडली की जीव तोडून पळायचं, असा नियम. जिल्ह्याले गेलो तर तिथं 400 चा ट्रॅक, पावणेचार फेऱ्या, माझं गणितच गंडलं, लवकर सुटलो अन शेवटी पाय उचलेना, सहावा आलो. माय म्हणे, तिथल्या फेरीले दोन-दोन दाणे पाहिजे होते, आपण एकच धरला.

---

सगळ्या रडगाणंच सांगून राहिल्या 🙂 फायदाही लिहा ना. आमच्या पोरी पाळी असली की बाहेरच्या सरांना सांगत नव्हत्या, पोट दुखते म्हणून घरीच राहायच्या, शेवटी नाव कटायचं. मी शिकवायला लागल्यापासून सरळ येऊन सांगतात, त्या दिवशी हलकं करून घेते. माझी स्वतःची पोरगी मात्र मलाच सांगत नाही, मैत्रिणीच्या तोंडून कळते. आता यात काय करावं सांगा.

---

^ घरी विचारा, मैदानात नको. आमच्याकडे गेट ओलांडलं की मॅडम अन परत ओलांडलं की आई असं ठरवलं होतं, दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पोराचा घोटा मुरगळला तर मैदानाच्या मधोमध "मायऽ" म्हणून बोंबलला, सगळी पोरं हसली न मीही.

---

धागा मीच काढला म्हणून एवढं सांगून जाते. काल सरावात मुद्दाम म्हणून पाहिलं, असू दे बाई. तर म्हणते, मम्मी खोटं नको बोलू, माझा दम सुटला होता, तुले ऐकू आलं.