डिसलाईक आणि आपल्या नावडी: अनुभव लिहा

कृष्णाकाठ (सांगली): लेकीनं वहीत 'आय डिसलाईक टू ईट शेपू' लिहिलं, बाईंनी 'टू ईट' खोडून 'ईटिंग' केलं. ते बघून तासगावची आजी आठवली. ती शेपू निवडायला बसली की वासानंच मी माडीवर पळायचे. तिनं कधी जबरदस्ती केली नाही. सगळ्यांना वाढून झालं की शेंगदाण्याचं कूट दह्यात कालवून माझ्या भाकरीवर घालायची. 'उपाशी उठू नगंस' एवढंच म्हणायची. तुमची नावड कुणी अशी सांभाळली? आणि या इंग्रजी शब्दाशी गाठ कुठं पडली?

कराडची बाई: खोडलं ते बरोबरच. लाईकला 'टू ईट', 'ईटिंग' दोन्ही चालतं, डिसलाईकपुढं मात्र -इंगच. पोरं लाईकवरून उचलतात. बोलताना तर 'डोन्ट लाईक'च जास्त येतं, डिसलाईक जरा कागदी. आणि हेट फार जहाल! वर्गातला एकजण बाकावरच्या शेजाऱ्याबद्दल 'आय हेट हिम' लिहितो आणि मधल्या सुट्टीत त्याच्याच डब्यातलं खातो. बघून बरं वाटतं.

रानमेवा: शेपूला नावं ठेवू नका ओ 😀

कोरेगावची सून: मला घेवडा जायचा नाही आणि सासर नेमकं वाघ्या घेवड्याच्या गावात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, घरोघरी कौतुक त्याचं. मी काही बोलले नव्हते. सासूबाईंनी ताटाकडं बघूनच ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून घेवडा शिजला की माझ्यासाठी तव्यावर पिठलं. आत्याबाई, तुमची लई आठवण येते.

अजिंक्यतारा: मी यूट्यूबवर रेसिपी टाकते. नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाईकचा आकडा बाकीच्यांना दिसत नाही, चॅनेलवाल्यालाच दिसतो. त्याआधी माझ्या कंदी पेढ्याच्या व्हिडिओचा आकडा एकीनं भर हळदीकुंकवात वाचून दाखवलेला. अजून लागतं ते.

कृष्णाकाठ: अगं, किती वाईट 😔 असं कुणी करतं का?

मिरजकर: भावाला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. पाव्हणे म्हणायचे नाटकी आहे. पण ते जन्मजात असू शकतं. वास ओळखणारं ओआर६ए२ नावाचं एक जनुक आहे, त्याच्या फरकामुळं काहींना कोथिंबिरीतली आल्डिहाइडं, म्हणजे वासाची रसायनं, साबणासारखी लागतात. आई त्याची आमटी कोथिंबीर घालायच्या आधीच वाटीत काढून झाकून ठेवायची. तिला कुठलं जनुक माहीत होतं!

रानमेवा: @अजिंक्यतारा खवा किती वेळ परतता? माझा पेढा पांढराच राहतो.

अजिंक्यतारा: मंद आचेवर, तांबूस होईस्तोवर. हात थांबवायचा नाही. साखर नंतर.

कराडची बाई: माझ्या आईला कारलं खपायचं नाही, पण वडिलांसाठी आयुष्यभर केलं. चव न घेता मीठ बरोबर पडायचं. आता कुकर झाला, उरलेलं रात्री लिहिते.

रानमेवा: कृष्णाकाठताई, शेपूत भिजवलेली मूगडाळ आणि लसूण जास्त घाला, पाणी अजिबात नको. लेक खाईल. नाहीच खाल्ली तर कूट-दही आहेच.