गोधडीच्या काठाला झोल आलाय, रविवारी बारसं आहे, मदत हवी

सुईदोरा: बहिणीच्या बाळासाठी गोधडी शिवलीय. मधला भाग सपाट बसतो, काठ मात्र फ्रिलसारखे वर उठतात. इस्त्री करून पाहिली, परत तेच. गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, लावायचा राहिलाय. पटकन उपाय सांगा, उसवायला सांगू नका प्लीज.

भुईकमळ: हाताने की मशीनवर? आत काय भरलंय? काठाचं कापड कोणतं, कसं कापलंत?

वाकळवाली: आमच्याकडे वाकळ काठापासूनच शिवतात, कडेकडेने धावदोरा घालत मधे जायचं. झोल येतच नाही. मशीनच्या नादी लागू नका.

अनघड: अहो, वाकळेत काठापासून मधापर्यंत सारखेच टाके पडतात, म्हणून जमतं. इथे काठाची पट्टी वेगळी जोडलेली दिसतेय.

सुईदोरा: हो, मशीनवर. मधे चौकड्याची शिलाई, दीड-दीड इंचावर. आत पॉलिएस्टर. काठ आजीच्या जुन्या सुती नऊवारीचा, पन्ह्यातून चार इंची पट्ट्या फाडल्या, कडेला लावत गेले आणि उरलं ते कापलं. नऊवारी नीट दिसावी म्हणून काठावर शिलाई घातलेली नाही.

भुईकमळ: मग दोन्ही कारणं इथेच आहेत. आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो, त्यात जुनं मऊ कापड, मशीनच्या कापड दाबणाऱ्या फूटखाली लांबलं. शिवाय दाट शिलाईने मधला भाग आक्रसला, काठ मोकळाच राहिला. गोधडी मधोमध मोजा, मग काठ मोजा.

सुईदोरा: मधे ४२ इंच, काठ ४३.५.

टाचणी: ओली करून गादीवर चौकोनात टाचा आणि तशीच वाळू द्या. माझ्या सगळ्या रजया अशाच सरळ झाल्यात.

अनघड: तुमच्यात कापूस असेल. पॉलिएस्टर तसं बसत नाही. लुगड्याचा रंग उतरला तर आणखी घोळ. आणि सुईदोरा, कडक इस्त्री नको, आतलं पॉलिएस्टर चपटं होऊन बसेल.

संसारी: बाळाच्या गोधडीत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका हं. तान्ह्या बाळांना घातक असतात.

भुईकमळ: सुईदोरा, आधी काठावर कडेला समांतर, इंच-इंच अंतराने हाताने धावदोरा घाला. बराच झोल त्यातच जिरेल. मग अगदी कडेजवळ दुहेरी दोऱ्याने मोठे टाके घाला, काठ मधल्या मापाला येईपर्यंत हलके ओढा आणि जादा कापड बोटांनी सगळीकडे सारखं पसरा. चुणी पडू देऊ नका. गोट उरेब (तिरका कापलेला) नको, सरळ धाग्याचा घ्या. त्याच्यावर मधल्या मापाच्या खुणा करा, मध्य आणि चतुर्थांश जुळवून टाचा, मगच शिवा. फूटचा दाब कमी ठेवा.

अनघड: खरं तर काठ उसवून नव्याने लावायला हवा. नऊवारीला लांबी भरपूर असते, उभ्या धाग्याने पट्टी काढायची, मधल्या मापाने आधी कापायची, मग जोडायची.

भुईकमळ: पुढच्या गोधडीला तसंच करावं. पण आत्ता सगळे थर शिवलेत, रविवारपर्यंत कुठे उसवत बसणार?

वाकळवाली: कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना घडीची फुलं लावतात, फार सुंदर दिसतं. बारशाला लावाच.

सुईदोरा: फुलं नंतर बघते. एका बाजूला धावदोरा घालून दोरा ओढला, ४२.२५ आलं! पण कोपरा गोळा होतोय.

भुईकमळ: दोरा कोपऱ्यावरून वळवलात का? प्रत्येक बाजूला वेगळा दोरा घ्या, कोपऱ्याच्या इंचभर अलीकडे गाठ मारा. कोपरा ओढायचा नाही.