मुलांच्या कुतूहलाला क्लास लावायचा का?

करवीरची_आई
पोरगं चांदण्यांबद्दल विचारतंय? खगोलाचा क्लास. मिक्सर उघडून बसतंय? रोबोटिक्स. हल्ली सगळीकडे हेच ऐकते. माझं स्पष्ट मत: निदान दहा-बारा वर्षांपर्यंत मुलांच्या प्रश्नांना आईबापांनी स्वतः वेळ द्यावा, फी भरून मोकळं होऊ नये.

लेकीला गुऱ्हाळावर नेलं होतं. गुळव्यानं काहिलीत भेंडीचं चिकट पाणी ओतलं, मळी वर आली, ती त्यानं काढून टाकली. "भेंडीच का?" "चिकाट असतंय, घाण धरतंय." घरी येऊन तिनं गढूळ पाण्यात भेंडी ठेचून ढवळली. इथं गाळ खाली बसला! वर का नाही आला, यावर बापलेक झोपेपर्यंत वाद घालत होते. उकळी नाही म्हणून, हा तिचा अंदाज.

लेथवाला_शिरोली
ताई, हे वेळ असणाऱ्यांचं झालं. माझी आठवडाआड रात्रपाळी. फी भरतो, ती पण मायाच आहे. आणि नुसत्या कुतूहलावर पदक मिळत नाही. आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघा. शिक्षक वडिलांनी २००९ ला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ. घरात कोण शिकवणार होतं?

करवीरची_आई
तेव्हा तो तेरा-चौदाचा होता. मी त्याआधीच्या वयाबद्दल बोलतेय. जयंत नारळीकर १९३८ ला कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. घरात मुलांसाठी फळा होता. मामा त्यावर गणित लिहून ठेवायचा, सुटेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तसंच राहायचं.

लेथवाला_शिरोली
वडील गणिताचे प्रोफेसर, मामा गणिती! आमच्या घरात फळा लावून त्यावर लिहू काय?

पेठेतल्या_बाई
मी प्राथमिकला शिकवते. भाऊ, तुमचं फीचं म्हणणं पटतं, गरिबाच्या पोराला बाहेरची दारं उघडावीच लागतात. पण क्लासला जाऊन आलेली कितीतरी मुलं माझ्या वर्गात प्रश्नच विचारत नाहीत, उत्तरं पाठ असतात. लेथवर लोखंड कातताना निघणारी चीप निळी का पडते, हे तुमच्या मुलानं कधी बघितलंय? एक खिशातून न्या.

लेथवाला_शिरोली
नेतो की बाई. तापली की निळी पडते, एवढं मी सांगीन. पण तापल्यावर निळीच का, हे त्यानं विचारणारच, आणि ते सांगायला मला सर लागणार. क्लास बंद करणार नाही.