ऐतिहासिक पुरे झालं, नवे कादंबरीकार सुचवा

शाहूपुरीकर:
गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सीझन ओसरला की दुपार वाचायला मोकळी. आजवर 'स्वामी', 'मृत्युंजय' आणि त्याच वाटेवरचं सगळं झालं. राजे, तलवारी आणि पानापानाला उसासे, आता बास. म्हणून यंदा करवीर नगर वाचन मंदिरातून ठरवून न वाचलेलेच लेखक आणले.

कृष्णात खोतांचं 'रिंगाण' म्हणजे नाद खुळा. धरणात गाव गेलं, माणसं उठली, जनावरं मागंच राहिली. त्यातली म्हैस आणायला देवाप्पा परत जातो. एवढीच गोष्ट. पण सोडून दिलेलं जनावर माणसाला मालक मानायचंच बंद करतं, तिथं काटा आला अंगावर. आणि बोली तर आमच्या दारात गुळाचे रवे उतरवणाऱ्या हमालांचीच.

राजन गवसांचं 'चौंडकं' घेताना वाटलं, 'जोगवा' बघितलाय, काय नवीन असणार? पण सिनेमात गवसांचंच 'भंडारभोग'ही मिसळलंय. पुस्तकं वेगवेगळी वाचली की देवीला सोडलेले सुली आणि तायाप्पा आपापल्या जागी किती एकटे आहेत ते कळतं.

फसलं ते श्याम मनोहरांचं 'उत्सुकतेने मी झोपलो'. 2008 चा साहित्य अकादमी पुरस्कार बघून घेतलं. शब्द सोपे, वाक्यं सोपी, पण माणसं नुसती विचारच करत बसलेली! अर्ध्यात परत दिलं. रंगनाथ पठारेंचं 'सातपाटील कुलवृत्तांत' अजून उशाशी आहे. इतिहासातून पळालो तर पुढं हा एवढा जाडजूड इतिहास. सोडवत नाही आणि संपतही नाही.

पुढं काय घेऊ? गाव चालेल, रडगाणं नको.

पन्हाळारोड:
भावा, खोतांच्याच मागं जा. 'गावठाण', मग 'रौंदाळा'. 'रौंदाळा'त गावचं राजकारण आहे, निवडणुकीच्या दिवसांत वाच, जास्त मजा येते.

चहाबिस्कीट:
श्याम मनोहरांना इतक्यात निकालात काढू नका हो. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव' घ्या आणि मोठ्यानं वाचा. नाटककार आहेत, गंमत कानाला कळते. मनातल्या मनात वाचलं तर मलाही कोरडंच वाटलं होतं.

मंगळवारपेठ_वहिनी:
दादा, यादीत एकही बाई नाही! कविता महाजनांचं 'ब्र' वाचा. आदिवासी भागातल्या सरपंच बायांना कागदावर खुर्ची मिळते आणि प्रत्यक्षात काय होतं, ते त्यात आहे. राग येतो, पण रडगाणं नाही. मेघना पेठेंचं 'नातिचरामि' मात्र मला झेपलं नाही. नायिका सतत स्वतःशीच भांडते. माझ्या जावेला तेच आवडलं.

शाहूपुरीकर:
वहिनी, 'ब्र' उद्याच बघतो. चहाबिस्कीट, दुकानात मोठ्यानं वाचलं तर मालक विचारेल, कुणाचा भाव पुकारतोयस म्हणून. घरी करून बघतो. पण 'रिंगाण' न आवडलेलं कुणी आहे का इथं? आमच्या भाच्यानं वीस पानांत ठेवलं. म्हणतो, काही घडतच नाही. त्याला काय सांगू?

पन्हाळारोड:
काही सांगू नकोस. त्याला 'चौंडकं' दे.