रसेल म्हणे आज बेंचवर टॉवेल हलवत बसला असता

स्कायहूक_३३
गेल्या आठवड्यात डेन्व्हरकर यांनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंच असेल. डेन्व्हरचा योकिच हा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचा, आजवरचा सगळ्यात भारी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी), विषय संपला, जुने सगळे बुटक्यांच्या लीगमधले उंच, आणि सेल्टिक्सचा जुना सेंटर बिल रसेल आज आला तर बेंचवर टॉवेल हलवत बसेल. वर लोकांनी बदाम पण दिले. म्हटलं जाऊ दे, पण राहवेना.

योकिच मलाही आवडतो हो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ४१व्या नंबरवर उचललेला माणूस, त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, त्याने तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) घेतले, २०२३ची ट्रॉफी घेतली, २०२४-२५ला तर अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे पॉइंट्स, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि असिस्ट (बास्केट होईल असा पास), तिन्ही दोन आकडी. सेंटरने! मान्य. पण मग करीम अब्दुल-जब्बारचं काय करायचं? सहा एमव्हीपी, सहा ट्रॉफ्या, ३८,३८७ पॉइंट्स. सगळ्यात जास्त पॉइंट्सचा मान १९८४ पासून २०२३ पर्यंत त्याच्याकडे, लेब्रॉन येईपर्यंत. कॉलेजात होता तेव्हा डंकवरच बंदी आणली होती, तर याने हूक, डोक्यावरून एका हाताने टाकायचा शॉट, अजून घोटला.

तो हूक जरा नीट बघा एकदा. डावा खांदा डिफेन्डरच्या छातीकडे, उडी डाव्या पायावर, उजवा हात सरळ वर, आणि बॉल सुटतो तो मनगटातून, डोक्याच्या कितीतरी वर. मधे करीमचं अख्खं शरीर आडवं. ब्लॉक करायचा तर त्याच्या आरपार जायला लागेल. वीस सीझन हेच केलं आणि सगळ्यांना माहीत असून कुणाला थांबवता आलं नाही. १९८५च्या फायनलची पहिली मॅच त्याची टीम लेकर्स ३४ पॉइंट्सनी हरली, करीमचे १२ पॉइंट्स आणि ३ रिबाउंड, वय ३८, सगळ्यांनी म्हातारा म्हणून निकाली काढला. मग व्हिडिओ बघायला गडी पुढच्या रांगेत जाऊन बसला आणि दुसऱ्या मॅचला ३० पॉइंट्स, १७ रिबाउंड, ८ असिस्ट. फायनल एमव्हीपी पण त्यालाच. योकिचने ३८व्या वर्षी असं करून दाखवू दे, मी स्वतः येऊन बदाम देईन.

डेन्व्हरकर
वा, माझ्या नावाने धागा. धन्य झालो.
करीमची एक बाजू सांगितलीत, दुसरी मी सांगतो. १९७५ आणि १९७६, लागोपाठ दोन वर्षं टीम प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पण नाही. तरी ७६चा एमव्हीपी त्याला. योकिचची टीम एक वर्ष बाहेर राहिली असती तर तुम्हीच म्हणाला असता स्टॅट्स भरतोय. सहापैकी पाच ट्रॉफ्या मॅजिक जॉन्सन टीममध्ये आल्यावरच्या. १९८०च्या फायनलची सहावी मॅच करीम पाय मुरगळून घरी, आणि हाच मॅजिक, विशीतलं रुकी (पहिल्याच सीझनचं) पोरगं, सेंटरच्या जागी उभं राहून ४२ पॉइंट्स टाकतं. म्हणजे सेंटर नसला तरी चाललं की.

स्कायहूक_३३
त्याआधीच्या पाच मॅच कोणी खेळल्या? ३३च्या आसपास सरासरी होती त्याची. सोयीचं तेवढंच बघायचं.

पार्केवाला
मी न्यू जर्सीत राहतो पण सेल्टिक्सचा, त्यामुळे माझ्या मताला काय किंमत द्यायची ती द्या.
रसेल आणि टॉवेल? १३ सीझन, ११ ट्रॉफ्या. सातव्या मॅचमध्ये, म्हणजे हरलं की घरी, तिथे १० पैकी १०. १९६२च्या सातव्या मॅचला ३० पॉइंट्स आणि ४० रिबाउंड, चाळीस, टायपो नाही. शेवटची दोन विजेतेपदं कोच आणि खेळाडू दोन्ही एकटाच. लोक म्हणतात रसेलला एक पण फायनल एमव्हीपी नाही. अहो ते बक्षीसच १९६९ला सुरू झालं, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि आता त्या बक्षिसाला त्याचंच नाव आहे. ब्लॉक तर १९७३-७४ पर्यंत मोजतच नव्हते! म्हणजे ज्या गोष्टीत हा माणूस देव होता त्याचा रकानाच कोरा. आणि ब्लॉक केला तरी प्रेक्षकांत भिरकावून छाती बडवायची नाही, टिचकी मारून आपल्याच माणसाकडे द्यायचा, की तिकडून पळापळ सुरू. आजच्या पोरांना हायलाइटमध्ये बॉल तिसऱ्या रांगेत गेलेला आवडतो. पुढे बॉल कोणाचा? त्यांचाच ना परत?

डेन्व्हरकर
तो आला तेव्हा लीगमध्ये टीम किती होत्या काका? आठ. दोन राउंड जिंकले की ट्रॉफी. फील्ड गोल (चालू खेळातले शॉट) ४४ टक्के, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) ५६. सेंटर, रिंगच्या खाली उभा, आणि ४४.

पार्केवाला
आठ टीम म्हणजे रोज विल्ट चेंबरलेनसारखेच समोर, आत्तासारखे तीस टीममधले निम्मे भरतीचे नाही. आणि काका कोणाला म्हणताय, मी ४७ वर्षांचा आहे.

शॅकअटॅक
तुमचं इतिहासाचं पुस्तक वाचून झालं असेल तर बोलू का
एक मॅच, जीव पणाला, कोणता सेंटर घ्याल? २००० चा लेकर्सचा शॅक ओनील. प्रश्नच नाही. फायनलला सरासरी ३८ पॉइंट्स आणि १६.७ रिबाउंड, एमव्हीपीच्या १२१ पैकी १२० मतं, पुढच्या वर्षी फायनलला समोर मुटोम्बो, वर्षाचा सगळ्यात भारी डिफेन्डर, त्याच्यावर पण ३३ची सरासरी. शॅकची कोपर खाऊन खाऊन मुटोम्बोची काय अवस्था झाली होती ती बघा. २००१-०२ पासून झोन डिफेन्सला (माणूस नाही, जागा धरून अडवायला) परवानगी दिली लीगने, तरी हा तिसरी ट्रॉफी घेऊन गेला. योकिच त्याला गार्ड करणार? हसू येतं.

विदर्भ_पोस्ट
शॅक भारी होताच पण शेवटच्या दोन मिनिटांत त्याला लोकं मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोला पाठवत होते न बे. सर्वोत्तम म्हणता अन् मॅच अडली की तोच माणूस लपवायला लागते. करिअरला ५२.७ टक्के.

सॅक्रामेंटोची_सून
कोणी फ्री थ्रो म्हणालं का?
शॅकअटॅक, तुमची ती तिसरी ट्रॉफी आमची आहे. मी २००१ला लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सासरे, नवरा, दीर, सगळे सॅक्रामेंटो किंग्सवेडे. मॅच असली की स्वयंपाक पहिल्या क्वार्टरच्या आत उरकायचा हा घरचा नियम. सासरे मॅचला गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन जायचे, सगळं स्टेडियमच घंटा घेऊन यायचं. तर २००२, वेस्टची फायनल (ही जिंकली की खऱ्या फायनलला), लेकर्स समोर, आम्ही ३-२ पुढे, सहावी मॅच लॉस एंजलिसला. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. एका क्वार्टरमध्ये २७!! दिवाच आणि पोलार्ड, आमचे दोन्ही सेंटर फाउल आउट (फाउल जास्त झाले म्हणून बाहेर), मग शॅकसमोर उभं कोण राहणार, मी? आमच्या बिबीच्या नाकावर लेकर्सच्या कोबेचं कोपर बसलं, रक्त आलं, फाउल कोबेवर नाही. चार पॉइंट्सनी हरलो. सासरे नंतर जेवले नाहीत. ते आता नाहीत, २०२३ला किंग्स १७ वर्षांनी प्लेऑफला गेले ते पण त्यांनी बघितलं नाही. तेव्हा मला शॅकच्या ट्रॉफ्या मोजून दाखवू नका.

शॅकअटॅक
वहिनी, भावना समजू शकतो पण त्या दिवशी शॅकचे ४१ पॉइंट्स आणि १७ रिबाउंड होते, आणि १७ पैकी १३ फ्री थ्रो पडले. रेफरीने शिट्टी वाजवली असेल, बॉल रिंगमध्ये रेफरीने नाही टाकला. आणि सातवी मॅच तुमच्या घरी होती, तुमच्याच घंटा, तुमच्या टीमने ३० पैकी १६ फ्री थ्रो टाकले. १४ हुकले. ओव्हरटाइमला सहाने हरलात. ते कोणाच्या माथी मारायचं?

सॅक्रामेंटोची_सून
वहिनी कोणाची?
आणि सातवी मॅच व्हायलाच नको होती हाच तर मुद्दा आहे. त्यानंतर जो रेफरी सट्ट्याच्या केसमध्ये आत गेला त्याने २००८ला त्या मालिकेबद्दल काय आरोप केले ते वाचा.

शॅकअटॅक
लीगने ते साफ नाकारलंय. सट्टेबाज रेफरीचा शब्द तुम्ही प्रमाण मानणार असाल तर नमस्कार.

स्कायहूक_३३
अहो धागा सेंटरचा आहे.

विदर्भ_पोस्ट
फ्री थ्रोचंच बोलू द्या, तिथंच खरी गंमत आहे. विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२, हर्शी, शंभर पॉइंट्स, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी त्याचे फ्री थ्रो किती? ३२ पैकी २८. विल्टचे! कारण त्या वर्षी तो खालून टाकायचा, दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून, बॉल मांड्यांच्या मधून वर. दोन्ही हात सारखे चालतात, बॉल हळू फिरत जातो अन् रिंगवर आपटला तरी उसळून बाहेर पडत नाही. रिक बॅरी असंच टाकून ९० टक्क्यांना टेकला. अन् विल्टनं सोडून दिलं! बायकी दिसते म्हणून लाज वाटायची, त्यानंच नंतर कबूल केलं. मग १९६७-६८ला ३८ टक्के. शॅकला बॅरीनं सांगितलं तर तो म्हणे शून्य टक्के टाकीन पण खालून नाही टाकणार.

आता हसू नका, माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. शाळेत उंच म्हणून डायरेक्ट सेंटर, कोणी विचारलं पण नाही. फ्री थ्रो पडेनात. आमचे सर जुन्या वळणाचे, त्यांनी खालून टाकायला लावले, पडायला लागले न बाप्पा. पण समोरच्या शाळेच्या पोट्ट्यांनी त्याचं नाव 'बादली' पाडलं. बॉल हातात आला की अख्खं ग्राउंड बादली बादली. जिल्ह्याच्या फायनलला शेवटचे दोन फ्री थ्रो, भाऊनं वरून टाकले. दोन्ही हुकले, एका पॉइंटनं हरलो. सर काही बोलले नाहीत अन् भाऊ आजही म्हणते बरोबर केलं. म्हणून शॅकला मी मूर्ख म्हणत नाही पण सर्वोत्तम पण म्हणत नाही.

पार्केवाला
शंभरवालं वर्ष काढलंतच तर हे पण सांगा की त्या सीझनला विल्टची सरासरी ५०.४ होती आणि तरी एमव्हीपी रसेलला मिळाला. आणि तेव्हा मतं खेळाडू द्यायचे, रोज मार खाणारे. त्यांना कळत नव्हतं का?

विदर्भ_पोस्ट
खेळाडूंना विल्ट आवडत नव्हता एवढंच कळते त्यातून. रसेलच्या अंगावर ५५ रिबाउंड घेतले त्यानं एका मॅचला, १९६०ला. तुमच्या देवाच्या समोर.

पार्केवाला
आणि मॅच कोण जिंकलं होतं त्या दिवशी? बघा आणि मग सांगा.

नागपाडा_झोन
एवढं मोठं पुराण आणि हकीम ओलाजुवनचं नाव कुणी घेतलं नाही, कमाल आहे राव. १९९३-९४, एमव्हीपी, वर्षाचा सर्वोत्तम डिफेन्डर आणि फायनल एमव्हीपी, तिन्ही एकाच सीझनमध्ये, दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. पुढच्या वर्षी टीम सहाव्या नंबरवरून आली, रॉबिन्सनला त्या वर्षीचा एमव्हीपी मिळालेला, त्याच्यासमोरच हकीमने ३५ची सरासरी काढली, आणि फायनलला हा तुमचा शॅक, ४-०. शॅक स्वतः मानतो त्याला. ३,८३० ब्लॉक, अजून पहिला नंबर. लागोसला हँडबॉल खेळणारा पोरगा, पायाची चाल तिथली. आमच्याकडे प्रत्येक उंच पोरगा ड्रीम शेक शिकतो, खांदा बेसलाइनकडे टाकायचा, समोरचा उडाला की उलटा फिरून आत. आणि रमजानमध्ये रोजा धरून खेळायचा तो, फेब्रुवारी १९९५ला रोजे चालू असताना महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू झाला. संध्याकाळच्या प्रॅक्टिसला पाण्याचा घोट न घेतलेली पोरं मी बघितलीयेत, दुसऱ्या फेरीतच पाय जड होतात. तिकडे ४० मिनिटं. तुमचे फ्री थ्रो ठेवा बाजूला.

डेन्व्हरकर
हकीमला मी दुसरा ठेवतो, योकिचच्या मागे. खूश?

नागपाडा_झोन
उपकार झाले साहेब.

स्कायहूक_३३
म्हणजे करीम तिसरा? सहा एमव्हीपीवाला तिसरा आणि एक एमव्हीपीवाला दुसरा? हे कुठलं गणित?

डेन्व्हरकर
तिसरा कोण म्हणालं.

फो_फो_फो
मोझेस मलोन. तीन एमव्हीपी. १९८३ची ट्रॉफी. चारच अक्षरं सांगतो, ऑफेन्सिव्ह रिबाउंड. एवढंच बोलून निघतो, तुम्ही लोक सुधारणार नाही.

पार्केवाला
चार अक्षरं?

शॅकअटॅक
चला, मोठं मन करतो. सॅक्रामेंटो ताई, २००२च्या सहाव्या मॅचची शिट्टी गंडलेली होती, दिलं तुम्हाला. ती एक ट्रॉफी काढून टाका, तरी शॅकच्या तीन उरतात आणि रिंगखाली त्याला हलवणारा आजही जन्मलेला नाही. आणि २०००ला पण प्लेऑफमध्ये तुम्हीच समोर होतात, तेव्हा कोणाची शिट्टी होती?

सॅक्रामेंटोची_सून
तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, मला विचारू नका.

शॅकअटॅक
आणि २००१? ४-०?

सॅक्रामेंटोची_सून
नवऱ्याला बोलवते, थांबा.