केळकर संग्रहालय बावधनला? वाडा काय फक्त खोका आहे?

शुक्रवारपेठी: परवा इथे एकाने लिहिलं, पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे 'सुंदर वस्तूंची अडगळ', ते शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यातून उचला आणि शहराच्या कडेला बावधनला ऐसपैस इमारतीत मांडा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मुळात 'राजा' म्हणजे कुठला संस्थानिक नव्हे. सात वर्षांचा गेलेला मुलगा. राजा दिनकर केळकर हे त्या पोराचं पूर्ण नाव. बाप, दिनकर केळकर, चष्म्याच्या दुकानात बसणारा, कविता 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारा. 1920च्या सुमारास वस्तू जमवायला लागला तो 1990 साली जाईपर्यंत थांबला नाही. दिवे, दौती, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दरवाजे. सगळं राहत्या घरात. त्या अरुंद दालनांतून अंग चोरून फिरताना एका माणसाच्या वेडात शिरल्यासारखं वाटतं. काचेच्या मॉलमध्ये ते वाटेल?

चौकटमोड: मूळ पोस्ट माझीच. वेडाबद्दल आदर आहे, पण हिशेब करा. वस्तू वीस हजारांच्या वर, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे आठातल्या सात अंधारात. केळकरांनी काय गोदामासाठी जमवलं? आणि जागेचं एवढं पावित्र्य, तर मस्तानी महाल कोथरूडहून उचलून याच वाड्यात आणून उभा केला, तो कसा चालला?

शुक्रवारपेठी: तो पडायला आला होता म्हणून आणला. वाचवणं वेगळं, हलवाहलव वेगळी.

चौकटमोड: वा! तुम्ही हलवलं की वाचवणं, आम्ही वाचवलं की हलवाहलव.

गुडघेदुखी: वाड्यातल्या संग्रहालयांचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी सत्तरीच्या आईला घेऊन जावं. एका गावी (नाव घेत नाही) आई खालच्या पायरीवर दीड तास पिशवी सांभाळत बसली. मी वरून फोटो काढून आणून दाखवले. आणि पार्किंगबद्दल तर मी बोलतच नाही.

शुक्रवारपेठी: नका बोलू. बाजीराव रस्त्यावर गाडी आणायची कशाला?

जुनंतेसोनं: तुम्ही जागेवरून भांडताय. केळकरांवर गावोगाव हिंडायची पाळी का आली ते बघा. घराघरातल्या सुनांनी स्टीलच्या हौसेपायी तांबं-पितळ मोडीत घातलं. आमच्या आजीचं घंगाळ, दोन समया आणि एक अडकित्ता, मिटला की त्यातलं जोडपं एकमेकांना चिकटायचं, सगळं वजनावर गेलं. बदल्यात काय? सहा वाट्या.

कल्हईवाली: सुनांनी?? ते घंगाळ चिंच-राखेने कोण घासायचं हो, तुमचे आजोबा? लग्न होऊन आले तेव्हा सासरी अकरा पितळी भांडी रोजच्या वापरात. कल्हई उडाली की आमटी कळकायची आणि बोलणी मला. हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यात चिंच झोंबायची. स्टील आलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. संग्रहालयात पितळ चकाकतं ते बघून गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं निरीक्षण.

जुनंतेसोनं: मी एवढंच म्हटलं की वारसा गेला. लगेच स्त्री-पुरुष काढायची गरज नव्हती.

कल्हईवाली: 'सुनांनी' कोणी काढलं?

बॉस्टनकर: मध्ये पडतोय. आमच्याकडे इझाबेला स्टुअर्ट गार्डनरबाईंचं संग्रहालय आहे, 1903 सालचं. मृत्युपत्रात अट, मांडणीला हात लावायचा नाही. 1990 मध्ये तेरा कलाकृती चोरीला गेल्या, तर रिकाम्या चौकटीसुद्धा जागच्या जागी लटकतायत. पण 2012 मध्ये शेजारीच नवी इमारत बांधली. तिकीटखिडकी, मैफली सगळं तिकडे. बाईंचं घर होतं तसं.

चौकटमोड: शेजारी! शुक्रवार पेठेत! साहेब, इथे शेजारी स्कूटर लावायला जागा नाही.

गुडघेदुखी: मी हेच म्हणत होतो.

शुक्रवारपेठी: ठीक आहे. गोदामातलं न्या बावधनला, त्यालाही उजेड मिळू दे. पण वाड्यातला एक दिवाही हलवायचा नाही.

चौकटमोड: म्हणजे सात-अष्टमांश माझं मान्य. आभारी आहे, पेढे कुठल्या पत्त्यावर पाठवू?

शुक्रवारपेठी: आम्ही पेठेत राहतो. पेढे आमच्याकडेच चांगले मिळतात.

जुनंतेसोनं: कल्हईवाली ताई, काल आईला विचारलं. मोड आजीने स्वतःच घातली होती, आई नको म्हणत असताना. असो. दोन पातेली मात्र माळ्यावर सापडली. पुण्यात कल्हई करणारा कुणी उरलाय का?

कल्हईवाली: आहे. पत्ता देते. घासायची मात्र तुम्ही.