तयेचा उपास आणि चवथीचं जेवण: सासूबाईंच्या शुगरसाठी मदत हवी आहे

सासूबाई ६८ वर्षांच्या. मधुमेह जुना, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, इन्सुलिन नाही. मागची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आली. चवथीला सगळे गोव्यात फोंड्याजवळच्या मूळ घरी जमतो, गणपती पाच दिवसांचा. स्वयंपाक थोरल्या काकींच्या हातात, त्यामुळे मी काही बदलायला जाणार नाही, आणि सासूबाईंना पंगतीत वेगळं ताट नकोच आहे.

पहिली काळजी तयेची, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशीच्या हरितालिकेची. हे व्रत त्या लग्नापासून निर्जळी करतात, पण "औषध चुकवायचं नाही" म्हणून सकाळच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेतात! गेल्या वर्षी दुपारी दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. सगळे म्हणाले, उपासाचा थकवा. मला आता वाटतं शुगर उतरली होती.

दुसऱ्या दिवशी उलटं. नेवऱ्या (करंज्या), मणगणं (चणाडाळीची खीर), पातोळ्या, वर "गुळाचं आहे, चालतं" असा आग्रह. खतखतं (मिसळीची भाजी) तर भाजीच, म्हणून वाटीवर वाटी.

डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. काय विचारू? आणि पानातलं काय, किती? सगळं बंद करा असं कृपया सांगू नका.

माटोळी:
ताई, तयेचं आधी बघा, ते जास्त गंभीर आहे. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा अशी पडत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: उपास करू द्यायचा का, आणि केलाच तर त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही. मनाने बंद करू नका. निर्जळीऐवजी पाणी आणि फळावर उपास होतो का, हे सासूबाईंशी आताच बोला, आदल्या रात्री नको.
घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं की लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर व्रत तिथेच सोडायचं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. त्या वेळी नेवरी देऊ नका, तुपा-खोबऱ्यामुळे तिची साखर रक्तात हळू पोचते. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन.

उकडे तांदूळ:
गुळानेही साखरेसारखीच शुगर चढते, हे काकींना कुणीतरी सांगायलाच हवं. खतखत्यात सुरण, कणगी (एक कंद), रताळं, कच्चं केळं, मका असतो, म्हणजे निम्मा भातच. ते वाटीभर घेतलं तर भात तेवढा कमी वाढून घ्यायचा. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची भाजी) आणि पालेभाजी आधी, भात शेवटी. या क्रमानेही फरक पडतो. घरी उकड्याचं शीत (उकड्या तांदळाचा भात) असेल तर तेच. गोड एका जेवणाला एकच: नेवरी घेतली तर मणगणं संध्याकाळी. शुगर-फ्री नेवऱ्यांच्या नादी लागू नका, मैदा आणि तळण तेच राहतं.
आणि वेगळ्या ताटाची लाज कसली? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, प्रौढांत २६.४ टक्के. तुमच्या पंगतीत आणखी चारजण निघतील.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. घाम आणि थरथरीचं डॉक्टरांना आधी सांगते. काकींशी बोलायला नवऱ्याला पुढे करते, माझं त्या ऐकणार नाहीत. एक राहिलं: जेवणानंतर शुगर कधी तपासायची?

माटोळी:
पहिल्या घासापासून दोन तासांनी. १८० च्या आत असली तर बरं, पण त्यांच्या वयाला किती चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि आरतीआधी अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालवा, जेवल्या जेवल्या आडवं होऊ देऊ नका.